मागच्या सीटवरचं कोकण

शुक्रवार : पुणे ते वेळास

चांदणी चौक मागे पडतोय तोवर मागच्या सीटवरून पहिला प्रश्न आला. "आलं का?"

"अजून पुणंच संपलं नाहीये. गप बस," थोरलीने परस्पर निकाल दिला. ती तिसरीत आहे. धाकटा मोठ्या शिशुगटात. दोघांच्या शाळेला शुक्रवार आणि सोमवार अशी दांडी मारून आम्ही निघालो होतो. दांडीची कल्पना बायकोची, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण लहानपणी एकही दिवस शाळा न बुडवल्याचं ती मला लग्न झाल्यापासून ऐकवत आली आहे.

बेत साधा होता. मुळशी, ताम्हिणी, माणगाव, मंडणगड करत वेळास गाठायचं. तिथे दोन रात्री राहून ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ती बघायची. मग वेसवीहून फेरीबोटीने सावित्री ओलांडून हरिहरेश्वर, पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने दिवेआगर, आणि म्हसळा-माणगाव करत परत. मार्चचा पहिला पंधरवडा होता. मुलं व्हायच्या आधी आम्ही दोघं याच रस्त्याने मोटरसायकलवर आलो होतो. तेव्हा वाटेत कुठे थांबलो ते आठवतही नाही. आता थांबल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. शू, भूक, पुन्हा शू, "ती म्हैस बघायचीय", आणि म्हैस बघून झाल्यावर पुन्हा शू.

मुळशीचं पाणी बरंच खाली गेलं होतं. घाटात पांगारा लालभडक फुललेला, अंगावर पान एक नाही. पावसाळ्यात इथे धबधब्यांपाशी गाड्यांची रांग लागते. मार्चमध्ये रस्ता मोकळा असतो आणि मोबाइलला रेंज नसते. ही दुसरी गोष्ट फार मोलाची आहे. रेंज गेली की मागच्या सीटवर बोलणं सुरू होतं.

"ताई, कासव चावतं का?"

"पिल्लू नाही चावत."

"आणि मोठं?"

"मोठं रात्री येतं. तेव्हा आपण झोपलेलो असतो."

"मग चालेल."

थोडा वेळ शांतता. मग, "ताई, कासवाला आडनाव असतं?"

"रिडले. ऑलिव्ह नाव आणि रिडले आडनाव."

"सगळ्यांचं तेच?"

"एकाच घरातले आहेत ना."

बायकोने ओठ मिटून खिडकीबाहेर तोंड केलं. मी आरसा किंचित खाली ओढला. ही दोघं अशी बोलायला लागली की आम्ही पुढे जवळजवळ श्वास रोखून बसतो. आपण एक शब्द उच्चारला की संपलं, मग ती आपल्याशी बोलायला लागतात. ते बोलणं निराळं असतं, जरा शहाणपणाचं, बरंचसं तक्रारीचं. मुलांचं आपापसातलं बोलणं चोरून ऐकणं हे बाप झाल्यापासून मला मिळालेलं सगळ्यात मोठं सुख आहे. पहिलं पाऊल, पहिला दात यांचे व्हिडिओ सगळ्यांकडे असतात, आमच्याकडेही आहेत. हे मात्र कॅमेरा काढला की बंद पडतं.

घाट उतरताना वळणांनी आपलं काम केलं. धाकट्याचा चेहरा पांढरा पडला आणि तो नुसतं "आई" म्हणाला. मी गाडी कडेला घेईपर्यंत थोरलीने पिशवी उघडून त्याच्या तोंडापुढे धरली होती. दुसरा हात त्याच्या कपाळावर. "येऊ दे. सगळं येऊ दे. झालं, झालं, झालं माझं बाळ." हुबेहूब आईचा हेल. कपाळ धरायची पद्धतसुद्धा आईचीच, अंगठा एका कानशिलावर आणि बोटं दुसऱ्या. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. तिला उलट्या होत तेव्हा तिचं कपाळ कुणीतरी असं धरलं होतं, एवढंच. बायको पाण्याची बाटली घेऊन खाली उतरली आणि दाराशी जरा वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "आलेपाक कुठल्या पिशवीत आहे?" हातात उलटीची पिशवी धरून माणूस खूश होऊ शकतो, हे ज्यांना मुलं नाहीत त्यांना सांगण्यात अर्थ नाही.

माणगावला जेवलो. तिथून मंडणगडपर्यंतचा पट्टा झोपेत गेला, म्हणजे बाकी तिघांच्या.

वेळास मंडणगड तालुक्यातलं, बाणकोटच्या खाडीजवळचं छोटं गाव. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव, त्यांचा पुतळाही आहे. कौलारू घरं, मागे नारळी-पोफळीच्या वाड्या. राहायची सोय गावातल्या घरांमध्येच होते. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्या काकूंनी पोचल्या पोचल्या सांगितलं की आज संध्याकाळी पिल्लं निघाली नाहीत, उद्या सकाळी बघायचं. धाकट्याला त्याचं काहीच वाटलं नाही, कारण पडवीत झोपाळा होता.

रात्रीच्या जेवणात ओल्या काजूची उसळ, तांदळाची भाकरी आणि सोलकढी होती. मार्चमध्ये कोकणात येऊन ओले काजूगर खाल्ले नाहीत तर आलात कशाला, असं माझं मत आहे. धाकट्याने पांढरा भात आणि तूप खाल्लं. पुण्यातही तो तेच खातो.

जेवणानंतर काकूंचे सासरे पडवीत येऊन बसले. थोरलीने त्यांना विचारलं, "आजोबा, समुद्र आत्ता जवळ आलाय की लांब गेलाय?" आजोबा म्हणाले, "आज तिथी कुठची? अष्टमी. तिथीची पाऊणपट करायची. आठ पाऊण किती?"

तिसरीत पाऊणपट शिकवत नाहीत. आजोबांनी मग पाऊणकी म्हणून दाखवली, पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार, सव्वापाच, सहा. "सहाला पूर्ण भरती. पुढे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. तासा-अर्ध्या तासाचा फरक धरायचा." म्हणजे पंचांग घरात असलं की झालं. अमावास्या-पौर्णिमेला आमच्या या किनाऱ्यावर भरती दुपारी-रात्री बाराच्या सुमारास येते आणि रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्याचा हा हिशोब. मी इतकी वर्षं कोकणात येतोय, मला तो ठाऊक नव्हता. थोरली बोटांवर काहीतरी मोजत बसली. झोपताना अंधारात तिचा आवाज आला. "परवा दशमी. दहाचे निम्मे पाच, पाचाचे निम्मे अडीच. पाच आणि अडीच साडेसात. बाबा, परवा साडेसातला भरती."

"बरोबर."

"मग ओहोटी दीडला."

परवा आम्ही हरिहरेश्वरला असणार होतो. तिथे प्रदक्षिणेला ओहोटीच लागते. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती ताडकन उठून बसली.

शनिवार : वेळास

सकाळी सहाला धाकट्याला उठवणं हा घरी एक युद्धप्रसंग असतो. इथे "कासव" म्हटल्याबरोबर तो उठून चपला घालून उभा. चड्डी राहिली होती.

गावातून किनाऱ्यापर्यंत चालत जायचं. पुढे सुरूची झाडं आणि मग एकदम मोकळी वाळू. वाळूत जाळी लावून कुंपण केलेलं, ती हॅचरी. रात्री मादी किनाऱ्यावर येऊन अंडी घालते. कासवमित्र ती अंडी हलक्या हाताने काढून या कुंपणात तशाच खोलीच्या खड्ड्यात ठेवतात, नाहीतर कोल्ही-कुत्री उकरून खातात. एके काळी माणसंही नेत असत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली इथे काम सुरू केलं, भाऊ काटदरे आणि त्यांच्याबरोबरच्यांनी. आधी अंडी विकणारं गाव, तेच पुढे अंडी राखायला लागलं. पिल्लं बघायला बाहेरगावची माणसं येऊ लागली आणि कासव महोत्सव सुरू झाला.

प्रत्येक खड्ड्यावर टोपली उपडी घातलेली असते. कासवमित्र एकेक टोपली उचलत पुढे सरकत होता. पहिलीखाली काही नाही. दुसरीखाली काही नाही. इथे कुणीही खात्री देत नाही. पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, पण नेमकी तुमच्याच सुट्टीत येतील असं नाही. माझ्या शेजारचे एक गृहस्थ पैसे वाया गेल्याच्या सुरात बोलायला लागले होते. चौथ्या की पाचव्या टोपलीखाली वाळू हलली.

ती हातावर मावतील एवढी असतात, काळपट करडी, पाठीवर वाळू चिकटलेली. पाण्यापासून थोडं लांब, दोरीच्या पलीकडे ती सोडली. लांब सोडतात ते मुद्दाम, तेवढं अंतर त्यांनी स्वतः चालायचं असतं. नवमीची भरती पावणेसातची, त्यामुळे पाणी बरंच वर आलेलं. (हे थोरलीने शेजारच्या गृहस्थांना सांगितलं. त्यांनी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.) पिल्लं निघाली. चार पावलं टाकून एखादं थांबे, मान वर करी, पुन्हा वल्ही मारल्यासारखं चालू लागे. एक उलट्या दिशेला निघालं. धाकटा दोरीला पोट लावून उभा होता. तो हळू आवाजात, अगदी त्या पिल्लालाच ऐकू जाईल असं म्हणाला, "तिकडे नाही रे. तिकडे आम्ही आहोत."

आजूबाजूला शंभरेक माणसं मोबाइल उंच धरून उभी होती. मी खिशातून काढला नाही. मला पिल्लं दिसलीच नाहीत म्हणा ना. मी आमच्या दोघांचे चेहरे बघत होतो. एक लाट आली, पिल्लू उचललं गेलं, मागे फेकलं गेलं, पुन्हा चालायला लागलं. धाकट्याचं तोंड उघडं ते मिटेचना. थोरलीने नकळत त्याचा शर्ट मागून मुठीत धरून ठेवला होता.

परतताना प्रश्न आलाच. "त्यांची आई कुठेय?"

मी जे वाचून आलो होतो ते सांगितलं. मादी वाळूत खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून वरून अंगाने थोपटते आणि समुद्रात जाते ती जातेच. पिल्लांकडे परत फिरकत नाही. पिल्लांतल्या माद्या मात्र मोठ्या झाल्या की बहुतेक त्याच किनारपट्टीला अंडी घालायला येतात. वाळू जास्त गरम असेल तर पिल्लं माद्या होतात, थंड असेल तर नर, हेही सांगितलं. ते थोरलीला फार आवडलं.

"म्हणजे तिला कळतच नाही पिल्लं झाली का ते?"

"नाही."

"कशी चालतात ते पण तिने नाही बघितलं?"

"नाही."

"अरेरे," ती म्हणाली. पिल्लांसाठी नव्हे, आईसाठी.

मला ते दिवसभर पुरलं. बिचारीच्या वाट्याला बाळंतपण आलं, बाळाचं कौतुक आलं नाही. आणि आपल्याकडे तर कासवीची ख्याती नेमकी उलटी. संतांच्या बोलण्यात कासवीची दृष्टी पुन्हा पुन्हा येते. ती पैलतीरावरून पिल्लांकडे नुसती बघते आणि त्या नजरेवर पिल्लं वाढतात. संध्याकाळी पडवीत हे निघालं तेव्हा काकूही तेच म्हणाल्या. "कासवी पाजत नाही, भरवत नाही, नुसती बघते." रोज डोळ्यांनी खरं काय ते दिसणाऱ्या गावातही ती समजूत नांदतेय याची मला गंमत वाटली. मला विचाराल तर संतांनी नाव कासवीचं घेतलं, वर्णन मात्र घरोघरच्या आईबापांचं केलं. खाली खेळणाऱ्या पोराकडे गॅलरीतून बघणारे, शाळेच्या फाटकात पाठमोरं दप्तर दिसेनासं होईतो थांबणारे. पोर त्याने वाढतं की नाही ठाऊक नाही, बघणाऱ्याचं मात्र पोट भरतं.

दुपारी बाणकोटचा किल्ला. सावित्रीच्या मुखाशी, लहानसा, पण तटबंदी शाबूत. आंग्र्यांनी त्याला हिम्मतगड म्हटलं, इंग्रजांनी फोर्ट व्हिक्टोरिया. वरून नदी समुद्राला मिळते ते सगळं दिसतं. मुलांनी तिथे अर्धा तास एका घोरपडीच्या बिळावर पहारा दिला. घोरपड आली नाही. बीळ घोरपडीचं होतं हेही थोरलीचंच म्हणणं.

संध्याकाळी पुन्हा किनाऱ्यावर गेलो. कासवमित्राने प्रथमेची गोष्ट सांगितली. जानेवारी २०२२ मध्ये वेळासलाच एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेला टॅग बसवला, पश्चिम किनाऱ्यावरची अशी पहिली, म्हणून नाव प्रथमा. धाकट्याने विचारलं, "मग दुसरी?" तो उत्तर देईपर्यंत थोरली म्हणाली, "द्वितीया. मग तृतीया. मग चतुर्थी, तिला उपास." कासवमित्र वाळूत बसून हसला. तेवढ्यावर न थांबता त्याने आणखी एक सांगितलं. ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे हिंदुस्थानला वळसा घालून आली. धाकट्याने सगळं ऐकून घेऊन गंभीरपणे विचारलं, "तिला वाटेत उलटी नाही झाली?"

रविवार : वेळास ते दिवेआगर

वेसवीहून बागमांडल्याला जाणारी फेरीबोट म्हणजे लोखंडी तराफा. गाड्या, दुचाक्या, माणसं, एक टेम्पोभर कोंबड्या सगळं त्यावर. पलीकडे पोचायला पाव तासही लागत नाही. एरवी रस्त्याने जायचं तर मोठा वळसा पडतो. मोठ्या माणसांना त्यात वेळ वाचण्याचं सुख. आमच्या मागच्या सीटला कळलं ते असं की गाडी उभी आहे, इंजिन बंद आहे आणि तरी आपण पुढे चाललोय. हे त्यांना इतकं थोर वाटलं की पलीकडे उतरल्यावर "परत एकदा" अशी मागणी आली. मी जरा विचार केला आणि आम्ही खरंच परत गेलो. चौघं नुसते, गाडी बागमांडल्याला लावून, वेसवीला जाऊन आलो. तिकीट देणाऱ्याने विचारलं, "काही विसरलं का?" बायको म्हणाली, "नाही, आवडलं." माझ्या मते साऱ्या सहलीतला सगळ्यात बरा खर्च तोच.

दुसऱ्या फेरीत थोरलीला सांगितलं की ही सावित्री म्हणजे महाबळेश्वरला देवळात गोमुखातून पडते त्या पाच नद्यांतली एक. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि ही. तिने पाण्याकडे बघितलं, मग म्हणाली, "आपण तिथे हिचं पाणी प्यायलो होतो. मग उरलेलं हे."

हरिहरेश्वरला आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव असा दर्शनाचा क्रम. पेशव्यांचं हे कुलदैवत. देवळापेक्षा मुलांना घाई होती ती प्रदक्षिणेची. डोंगराच्या फटीतून पायऱ्या खाली उतरतात आणि एकदम समुद्राच्या काठच्या कातळावर येतो आपण. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने त्या खडकाला अशी भोकं पाडलीत, अशी जाळी विणलीय की हात लावल्याशिवाय राहवत नाही. भरतीला ही वाट बंद. एरवीही लाट कधी उसळेल सांगता येत नाही, माणसं वाहून गेलेली आहेत, तशा पाट्या लावल्यात. आमच्याकडे एका मुलामागे एक मोठं माणूस हा नियम होता, हात सोडायचा नाही.

पाऊण वाजता पायऱ्यांच्या तोंडाशी पोचलो तेव्हा थोरलीने माझं मनगट धरून घड्याळ बघितलं, मग समुद्र बघितला. पाणी खूप मागे गेलं होतं, कातळ उघडा, ठिकठिकाणी डबकी. तिने तोंडातून शब्द काढला नाही. दोन्ही हात कमरेवर ठेवून ती अशी उभी राहिली की समुद्र तिच्या सांगण्यावरून मागे सरला असावा. आजोबांनी परवा रात्री म्हटलेला आकडा आणि समोरचं हे एवढं पाणी यांचं जुळतं, हे तिला त्या घटकेला कळत होतं आणि मला ते समोर दिसत होतं. शाळेत गणिताला तिला कधी पैकीच्या पैकी मिळाले तरी मला इतकं बरं वाटेल का, शंका आहे.

ऊन भयंकर होतं. कातळ पायाला चटके देत होता. दुपारी दीडची ओहोटी पंचांगाला सोयीची, आम्हाला नव्हे. धाकटा शेवटच्या टप्प्यात माझ्या खांद्यावर होता.

श्रीवर्धनला बाळाजी विश्वनाथांचं जन्मगाव म्हणून थांबायचं ठरलं होतं. मुलं पेंगुळली होती, तेव्हा बाजारातून रोठा सुपारी घेतली आणि निघालो. इथून आरवी, शेखाडी करत दिवेआगरला जाणारा रस्ता समुद्राला इतका लगटून आहे की खिडकीतून शिंतोडे येतील असं वाटतं. शेखाडी म्हटलं की आमच्या वयाच्या माणसांना १९९३ आठवतं. मुंबईतल्या स्फोटांसाठीची स्फोटकं उतरवली ती याच बाजूच्या किनाऱ्यांवर. बायको आणि मी एकमेकांकडे पाहिलं, बोललो नाही. काही गोष्टी मागच्या सीटवर जायला अजून वेळ आहे.

आणि मग ते झालं. रस्त्याच्या कडेला एक टपरी, तिच्यावर हाताने रंगवलेली पाटी. गाडीचा वेग कमी होता. धाकटा खिडकीला नाक लावून बसला होता. मागून पुटपुटणं ऐकू आलं. "स... र... ब... त." मग थोडं थांबून पुन्हा, जरा जोडून, "सर... बत." आणि मग किंकाळी. "सरबत! ताई, सरबत लिहिलंय!"

काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. शिशुगटात अजून तेवढंच झालंय, घर, मगर, कमळ. पण ते शब्द बाईंनी फळ्यावर लिहिलेले असतात, त्याला आधीच ठाऊक असतात. हा त्याला कुणी दिलेला नव्हता. चालत्या गाडीतून, कुणा अनोळखी माणसाने लिहिलेला शब्द त्याने स्वतः उचलला. मी गाडी थांबवली. थांबवणं भागच होतं. टपरीवरच्या बाईंना सांगितलं, "तुमची पाटी आमच्या मुलाने वाचली, पहिली." त्यांना काय समजायचं ते समजलं असावं, कारण त्यांनी त्याचा पेला काठोकाठ भरला आणि पैसे तिघांचेच घेतले.

त्यानंतर दिवेआगरपर्यंत काय झालं असेल ते मुलं असणाऱ्यांना सांगायला नको. कोकणातल्या रस्त्यावर दर दोन-चार वळणांनी सरबताची पाटी असते आणि तो प्रत्येक पाटी वाचत होता. वाचली की प्यायची, असा त्याचा आग्रह. "मध" वाचलं. "नळ" वाचलं. एका ट्रकच्या मागे "गणपती बाप्पा" होतं, त्यातलं "गण" वाचून सोडून दिलं. थोरली आधी कौतुकाने ऐकत होती, मग कंटाळली, मग म्हणाली, "आता मनात वाच." मनात वाचता येतं हे त्याला नवीन होतं. तो गप्प झाला. ओठ मात्र हलत होते.

सोमवार : दिवेआगर ते पुणे

सकाळी सुवर्ण गणेशाच्या देवळात गेलो. १९९७ मध्ये नारळी-पोफळीच्या वाडीत खणताना पेटीत सोन्याचा मुखवटा सापडला, २०१२ मध्ये दरोडा पडून तो गेला, २०२१ मध्ये नवा मुखवटा बसवला. थोरलीला दरोड्यात फार रस. चोर कुठून आले, पकडले का, सोन्याचं काय केलं. पकडले, इतकं सांगून आम्ही बाहेर पडलो.

रूपनारायणाचं देऊळ जवळच आहे. विष्णूची काळ्या दगडातली मूर्ती, अप्रतिम काम, कडेने दशावतार कोरलेले. मी थोरलीला अवतार मोजायला सांगितलं. ती वामनापाशी अडखळली असताना धाकट्याने मूर्तीकडे बोट केलं, "कासव! रिडले!" पुजारीकाकांनी विचारलं, "काय म्हणाला?" बायको म्हणाली, "कूर्मावतार म्हणतोय." त्यांनी हातावर खडीसाखर ठेवली आणि म्हणाले, "हुशार आहे."

बोर्ली, म्हसळा, माणगाव हा रस्ता मुकाट्याने गेला. सोमवारी परतायचं असलं की माणसाच्या डोक्यात मंगळवार सुरू होतो. बायको फोनवर ऑफिसची कामं बघू लागली. डिकीत ओले टॉवेल, वाळूच्या पिशव्या, कोकमच्या बाटल्या आणि धाकट्याने बाणकोटहून आणलेला एक दगड होता. तो का आणला हे तो सांगत नाही.

ताम्हिणीत रेंज गेली. बायकोने फोन पर्समध्ये टाकला. मागे शाळा भरली होती. थोरलीने काकूंनी दिलेल्या बिलाचा कागद मांडीवर ठेवून पेन्सिलीने काहीतरी काढलं होतं.

"हा क. त्याच्यापुढे दांडी काढली की का. म्हण, का."

"का."

"प ला दांडी?"

"पा. पण का दांडी?"

"काही का नाही. काना म्हणतात त्याला. काना आला की तोंड मोठं करायचं."

तो तोंड वासून "का, पा, मा" करत राहिला. मुळशी आली, गेली. पौडच्या आसपास रस्त्याला दुकानं लागली तशी पाट्याही लागल्या. तो सरसावून बसला.

"व... ड... प... व. ताई, वडपव म्हणजे काय?"

"काना बघ ना! मध्ये दोन काने आहेत!"

"मला नाही दिसत काने. वडपव लिहिलंय. बाबा, मला वडपव पाहिजे."

बायको म्हणाली, "थांबव." मी थांबवली. गाडीवाल्याला धाकट्यानेच खिडकीतून ऑर्डर दिली, आणि त्याने चेहऱ्यावरची रेषही न हलवता कागदात बांधून चार वडपव दिले, वर मिरच्या.